तातामीच्या खोलीवर कार्पेट घालावं की ती उघडीच ठेवावी?

सायली_कावागुची

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये आम्ही सैतामातल्या कावागुचीत भाड्याच्या घरात राहायला आलो. इमारत जुनी आहे, पण स्टेशन चालत जाण्यासारखं आणि भाडं झेपण्यासारखं. एक खोली लाकडी फरशीची आणि दुसरी सहा तातामींची, म्हणजे जमीनभर गवताच्या आवरणाच्या सहा जाड चटया बसवलेली. आम्ही यायच्या आधी घरमालकाने तातामींची वरची आवरणं नवी करून घेतली, त्यामुळे खोली अजून हिरवीगार आहे आणि दार सरकवलं की गवताचा वास भरून येतो. मला तो वास फार आवडतो. नवऱ्याला आधी डोकं जड व्हायचं, आता त्यालाही सवय झाली.

आता प्रश्न. आमचं बाळ रांगायला लागलंय. सगळे म्हणतात तातामी रांगणाऱ्या मुलाला उत्तम, पडलं तरी लागत नाही, आणि ते खरंही आहे. पण रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना आणि माझ्या पांढऱ्या मोज्यांना राखाडी-हिरवट भुकटी लागलेली असते. ही बुरशी तर नाही ना? काल दूध सांडलं, ते लगेच पुसलं, पण विणीत किती गेलं कळायला मार्ग नाही.

नवऱ्याचं म्हणणं, सरळ वर कार्पेट अंथरू आणि त्यावर पलंग टाकू. बाळालाही बरं, आणि घर सोडताना शिकिकिनमधून, म्हणजे घरमालकाकडे ठेवलेल्या अनामत रकमेतून, पैसेही कापले जाणार नाहीत. मला मात्र इतकी सुंदर जमीन झाकून टाकायची म्हणजे जिवावर येतं. त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, तोंडावर आलाय. जपानमध्ये तातामीच्या घरात राहिलेल्यांनी कृपया सांगा, झाकायची की उघडी ठेवायची? आणि रोजची निगा नेमकी कशी?

डोंगरवाट

आम्ही योकोहामात आहोत. मुलगी झाली तेव्हाच तातामीवर फोमच्या जोडायच्या चौकोनी चटया टाकल्या, त्या आजही तशाच आहेत. दूध, भात, रंग, सगळं त्यावरच सांडतं आणि ओल्या फडक्याने निघून जातं. खाली काही झालेलं नाही, मधूनमधून उचलून बघतो. लहान मूल आहे तोवर झाकलेलं बरं असं माझं मत. मूल मोठं झालं की काढून टाका.

कुमामोतोची_सून

सायली, आधी तुझी काळजी मिटवते. ती भुकटी बुरशी नाही, माती आहे.

माझं सासर कुमामोतोत, आणि सासरे तातामीचे कारागीर. या विषयावर मला लिहायला सांगितलं की मी थांबत नाही, तेव्हा चहा घेऊन बस.

तातामीचं वरचं आवरण, म्हणजे ओमोते, इगुसा नावाच्या गवताचं असतं. लव्हाळ्यासारखं दिसतं, पान नाही, नुसती सरळ गोल काडी. जपानात पिकणाऱ्या इगुसापैकी बहुतेक सगळा आमच्या जिल्ह्यातल्या यात्सुशिरोच्या आसपासचा. भातखाचरात नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत लावणी होते, आणि जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत कापणी. दुपारच्या उन्हात कापलं तर काडी कोमेजते, म्हणून कापणी भल्या पहाटे आणि संध्याकाळी. कापल्या कापल्या पेंढ्या एका खास मातीच्या पाण्यात बुडवतात आणि मग वाळवतात. या बुडवण्याने काडी एकसारखी वाळते, रंग टिकतो, आणि तुला आवडणारा तो वासही बराचसा त्यातूनच येतो. तीच माती वाळून काडीवर बसते. नव्या आवरणातून सुरुवातीचे काही महिने ती सुटत राहते. कोरडं, स्वच्छ सुती फडकं घेऊन विणीच्या दिशेने पुसत जा. हळूहळू कमी होईल. ओल्या फडक्याने मात्र पुसू नकोस. माती पसरते, डाग दिसतात आणि रंग लवकर जातो.

बुरशी ओळखायची असेल तर खाली बसून तिरक्या उजेडात बघ. माती सगळीकडे सारखी असते आणि बोटाला पिठासारखी लागते. बुरशी ठिकठिकाणी ठिपक्यांनी येते, बहुतेक कोपऱ्यात, कपाटामागे किंवा अंथरुणाखाली, आणि वास कुबट असतो.

आता झाकण्याबद्दल. डोंगरवाट, राग मानू नका, पण इगुसाच्या तातामीवर मी काहीही कायमचं अंथरू देणार नाही. इगुसाची काडी आतून स्पंजासारखी असते. खोलीत दमट झालं की ती ओल पिते, कोरडं झालं की सोडते. हे घेणं-सोडणं हेच तिचं काम. वर फोम किंवा कार्पेट आलं की तिला घेता येतं, सोडता येत नाही. आणि नवं आवरण जुन्यापेक्षा जास्त ओल पितं, म्हणून पहिला त्सुयू सगळ्यात जोखमीचा. सायलीच्या घरात नेमका तोच येतोय.

दुसरं कारण खालच्या गाभ्याचं. जुन्या पद्धतीचा गाभा भाताच्या पेंढ्याचा. सुमारे 40 सेंटीमीटर उंच रचलेला पेंढा दाबून, शिवून 5 सेंटीमीटरवर आणतात. अशी एक तातामी तीसेक किलोची होते आणि ती खालूनवरून श्वास घेते. आजकालच्या इमारतींत मात्र गाभा बहुधा लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचा किंवा फोमचा. हलका असतो, कीड कमी, थंडीत ऊब धरतो, पण ओल खाली जाऊ देत नाही. म्हणजे सांडलेलं दूध आणि बाळाचा घाम वरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या विणीतच अडकून राहणार. वर कार्पेट असेल तर तो जाणार कुठे?

पलंग ठेवायचा तर ठेवा. पण पायांचा, खालून हवा खेळेल असा, आणि प्रत्येक पायाखाली लाकडाची पातळ फळी. गादी थेट तातामीवर टाकून तिथेच ठेवायची नाही. तुम्ही फुतोनवर, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गादीवर, झोपत असाल तर रोज सकाळी घडी घालून ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, टाका. जपानी घरात फुतोन रोज उचलतात ते शिस्तीपेक्षा जमिनीला मोकळं करण्यासाठी, असं सासूबाई सांगतात, आणि ओशिइरेचं दारही दिवसा थोडं उघडं ठेवतात.

दूध सांडलं तर: घासू नकोस. कोरडं फडकं वरून दाबून जेवढं टिपता येईल तेवढं टिप. मग त्यावर मीठ किंवा टाल्कम पावडर टाक, ओल शोषू दे, विणीच्या दिशेने ब्रशने बाहेर काढ आणि व्हॅक्यूम फिरव. शेवटी घट्ट पिळलेलं फडकं एकदा, आणि हेअर ड्रायरने वाळव. व्हॅक्यूमही नेहमी विणीला धरूनच, आडवा नाही. आडव्या ओढीने काडीचे तंतू उठतात आणि मग मोज्यांना काटे लागतात.

त्सुयूत बाहेर पाऊस असेल तर दिवसभर खिडकी उघडी टाकू नकोस, उलट ओल आत येते. एसी ड्रायवर लाव. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की दोन्ही बाजू उघड.

चावी_फिरवा

तोक्योत घरभाड्याच्या व्यवस्थापनाचं काम करतो, त्यामुळे शिकिकिनचा भाग मी सांगतो. ताईंनी बाकी सगळं छान सांगितलंय.

जपानच्या जमीन, पायाभूत सुविधा आणि वाहतूक मंत्रालयाची घर सोडताना कोणी काय भरायचं यावर मार्गदर्शिका आहे. पहिली 1998 ची, नंतर सुधारत 2011 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. तो कायदा नाही, पण वाद झाला की सगळे तिकडेच बघतात. शिवाय एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेतही स्पष्ट आलंय की नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरून द्यायची नाही.

तातामीच्या बाबतीत याचा अर्थ असा. उन्हाने हिरवी तातामी पिवळी पडली, घरमालकाचा खर्च. कपाटाच्या वजनाने खड्डा पडला, घरमालकाचा. काही फाटलेलं नाही, फक्त पुढच्या भाडेकरूला चांगलं दिसावं म्हणून आवरण बदलायचं, तेही घरमालकाचं. पण खिडकी उघडी टाकली, पाऊस आत आला आणि रंग उडाला, किंवा काही सांडून तसंच राहू दिलं आणि बुरशी आली, तर ते तुमच्या अंगावर. त्यातही हिशोब साधारण खराब झालेल्या तातामीपुरता. एका तातामीवर डाग पडला म्हणून सहाच्या सहांचे पैसे मागू शकत नाहीत.

म्हणजे पैसे वाचवायला कार्पेट घालायचं हे गणित उलटं आहे. उघड्या तातामीचं पिवळं पडणं फुकट, कार्पेटखालची बुरशी विकत.

दोन गोष्टी आजच करा. करारात खास अटींचा भाग वाचा; काही करारांत आवरण बदलण्याचा खर्च भाडेकरूवर असं लिहिलेलं असतं, आणि त्यावर सही झालेली असते. आणि सहाही तातामींचे फोटो काढा, एकेकीचे, तारखेसकट. आवरणं नवी आहेत हे आत्ता फोटोत येणं तुमच्याच फायद्याचं आहे.

डोंगरवाट

कुमामोतोच्या ताई, राग कसला. तुमचं वाचून मी संध्याकाळी सगळ्या चटया काढल्या. खाली डाग नाही, वासही नाही. पण एक लक्षात आलं: आमच्या तातामीला कधीच गवताचा वास नव्हता, आणि खिडकीजवळचा रंगही इतक्या दिवसांत बदललेला नाही. घरमालकाला फोन केला तर म्हणाले, वाशीची आहे, म्हणजे कागदाची. याचा काही संबंध?

कुमामोतोची_सून

संबंध आहे तर! जपानी कागदाचा दोरा वळून, त्यावर लेप देऊन तो विणलेला असतो. पाणी लवकर मुरत नाही, बुरशी कमी धरते, उन्हाने फारसा रंग जात नाही. प्लॅस्टिकच्या धाग्याचीही असते. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरांना सासरे स्वतःच ती सुचवतात, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. तुमच्याकडे फोम चालून गेला तो यामुळे. तरी आठवड्यातून एकदा उचलून हवा लागू द्या. सायलीची मात्र इगुसाची आहे, तिने तुमचं अनुकरण करू नये.

विषय निघालाच आहे तर इगुसाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण स्वस्त आणि महाग तातामीत फरक काय हे दुकानात कोणी नीट सांगत नाही. काडी जितकी लांब तितकी तातामी चांगली. चांगली काडी दीड मीटरच्या आसपास वाढते आणि तातामीची रुंदी मीटरला थोडी कमी. काडी लांब असली की बुंध्याकडचा पांढरट भाग आणि शेंड्याकडचा तपकिरी भाग बाजूला राहतो आणि फक्त मधला, एका जाडीचा, एका रंगाचा भाग विणीत दिसतो. आखूड काडीत ही चैन नाही. मग दोन्ही कडांना रंग वेगळा दिसतो आणि तिथे ती आधी झिजते. दुसरी गोष्ट उभा दोरा. सुती असेल तर स्वस्त. तागासारख्या आसा दोऱ्याचा असेल तर काड्या जास्त घट्ट ठोकता येतात, आवरण जाड आणि वजनदार होतं. सासरे नवं आवरण हातात आलं की डोळे मिटून त्यावर तळवा फिरवतात, विणीतले उंचवटे मोजल्यासारखे.

हाताने काठ शिवताना ते दोरा ओढतात हातांनी, पण आवळतात कोपराने. कोपर तातामीवर टेकवून, अंगाचा सगळा भार त्यावर टाकून. उजव्या कोपराची कातडी टाचेसारखी टणक झाली आहे. आता बहुतेक काम मशीनवर होतं, तरी देवळांची आणि चहाच्या खोल्यांची कामं आली की ते सुई घेऊन बसतात. जपानी लाकडी वास्तू जपण्याची जी पारंपरिक कौशल्यं युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली त्यात तातामी बनवणंही आहे. बातमी आली त्या दिवशी ते फार काही बोलले नाहीत, पण कात्रण दुकानात लावलंय. इकडे यात्सुशिरोत इगुसा लावणारी घरं मात्र कमी होत चालली आहेत. कापणीचं काम अंग मोडणारं, चीनमधून येणारा माल स्वस्त, आणि नव्या फ्लॅटमध्ये तातामीची खोलीच नसते. म्हणून कोणी "इतकी सुंदर जमीन झाकायला जिवावर येतं" असं लिहिलं की मला इतकं लिहावंसं वाटतं.

सायली_कावागुची

ताई, सगळ्यांचे खूप आभार. कार्पेटचा विषय बंद. फोटो काढले, करारही वाचला. खास अटींत तातामीचं काही नाही. भुकटी कोरड्या फडक्याने खरंच कमी झाली.

त्सुयू सुरू होऊन आता बरेच दिवस झाले आणि दोन नवे प्रश्न उभे राहिलेत. एक, काल खिडकीखालच्या तातामीवर मिठाच्या कणाएवढे फिकट किडे चालताना दिसले. बाळ तिथेच खेळतं, म्हणून जीव घाबरला. फवारा मारू का? दुसरं, खिडकीजवळची तातामी पिवळी व्हायला लागलीय आणि आतली अजून हिरवी. आलटून पालटून ठेवल्या तर सगळ्या सारख्या होतील ना? उचलायच्या कशा?

कुमामोतोची_सून

किडे बहुतेक चातातेमुशी असतील. एक मिलिमीटरभराचे, ओल आणि डोळ्यांना न दिसणारी बुरशी खाऊन जगणारे. नव्या तातामीत पहिल्या पावसाळ्यात हमखास येतात. चावत नाहीत. बाळ रांगतं तिथे फवारा मारू नकोस. खोली कोरडी कर, त्यांचं खाणं संपतं आणि ते जातात. दिवसातून काही तास ड्राय लाव किंवा ओल ओढणारं यंत्र ठेव, आणि रोज विणीला धरून व्हॅक्यूम. अंगाला खाज सुटली, पुरळ आलं, तर ते हे नव्हेत. मग वेगळी चौकशी करावी लागेल.

कुठे हिरवा-पांढरा ठिपका दिसलाच तर व्हॅक्यूम लावू नकोस, बीजं खोलीभर उडतात. निर्जंतुकीकरणाचं इथेनॉल शिंपड, थोडा वेळ थांब, जुन्या दातांच्या ब्रशने विणीतून काढ, टिपून घे आणि वाळव. बाळ दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, आणि जवळपास गॅस किंवा हीटर चालू नको. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नाही, पांढरा डाग कायमचा राहतो.

आता आलटापालट. ती करू नकोस. सहा तातामी वरून जुळ्या बहिणी वाटल्या तरी एकही दुसरीसारखी नसते. कुठल्याही खोलीचे कोपरे अगदी काटकोनात नसतात, म्हणून कारागीर आधी खोली मोजतो आणि प्रत्येक तातामी तिच्या जागेपुरती कापतो. जागा बदलली की कुठे फट पडेल, कुठे ती बसणारच नाही. उलटी करून पाहिलीस तर मागे कुठली कुठे जायची याची खूण बहुधा सापडेल. आमच्या दुकानात जाड पेनने आकडा आणि दारापासूनची दिशा लिहितात.

मापंही सगळीकडे एक नसतात. क्योतोकडची तातामी 191 बाय 95.5 सेंटीमीटर, तोक्योकडची 176 बाय 88, आणि जुन्या वसाहतींच्या इमारतीत 170 बाय 85 च्या आसपास. म्हणजे "सहा तातामींची खोली" म्हटलं तरी क्योतोतल्या आणि वसाहतीतल्या खोलीत सव्वादोन चौरस मीटरचा फरक पडतो. घर बदलताना हे लक्षात ठेव, जाहिरातीतल्या आकड्यावर फर्निचर घेऊ नकोस.

हवा द्यायला मात्र उचलायला हरकत नाही. सलग दोन-तीन दिवस कोरडी हवा असेल तेव्हा. चपटा स्क्रू ड्रायव्हर घे, टोकाला कापड गुंडाळ, आखूड बाजूच्या काठाशी, भिंतीपासून लांबच्या फटीत हळूच घाल आणि उचक. चार-पाच सेंटीमीटर उचलली की खाली रिकामा कॅन आडवा सरकव. खाली पंखा लाव, संध्याकाळी परत बसव. हे नवऱ्याकडून करून घे, आणि बाळ खोलीत नसताना. गाभा पेंढ्याचा निघाला तर एकट्याने मुळीच नाही, दोघं लागतात.

पिवळेपणाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. ऊन लागणारी आधी सोनेरी होते, आतली मागून येते. पडदा ओढून फरक कमी करता येईल, पण मग खोलीत ऊन येणार नाही, आणि त्सुयू संपल्यावर तुला त्या उन्हाचीच गरज आहे.

साधारण तीन ते पाच वर्षांनी हेच आवरण काढून उलटं लावतात, आतली हिरवी बाजू वर येते. त्यानंतर आणखी काही वर्षांनी आवरण नवं. गाभा नीट राखला तर दहा-वीस वर्षं जातो. उलटवायला एका तातामीमागे साधारण चार-पाच हजार येन, नव्या आवरणाला गवतानुसार पाच हजारांपासून पंधरा हजारांच्याही वर. सकाळी दुकानवाले येऊन घेऊन जातात, कपाटंही तेच हलवतात, आणि बहुधा संध्याकाळपर्यंत परत बसवून देतात. तुमच्याकडे आवरण याच वसंतात बदललंय, म्हणजे उलटवायची वेळ यायला अवकाश आहे. तोवर तिथेच राहिलात तर घरमालकाला आधी विचार; तातामी त्याची आहे, परस्पर दुकानात फोन करू नकोस.

चावी_फिरवा

शेवटच्या वाक्याला दुजोरा. आणि विचारताना फोन नको, ईमेल किंवा पत्र, म्हणजे उत्तर लेखी राहतं.